करंजखिंडीचे निरंक कसे खोडले, त्याची हकीकत

श्री. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, पौष मास. मावळ प्रांती, लोणावळ्याचे वर, तुंगार्लीचे तळ्यापलीकडे डोंगराचे कुशीत मौजे करंजखिंड म्हणोन साठ-सत्तर उंबऱ्यांचे गाव, तेथे जे युद्ध जाहले त्याची हकीकत जैसी घडली तैसी लिहिली आहे. यात तलवार उपसली गेली नाही, तोफ डागली गेली नाही, घोडे मुळात नव्हतेच. तरी लढाई बिकट जाहली. लिहिण्यात चूक राहिली असेल, बहुधा राहिलीच असेल, ती वाचणाराने पोटात घालावी.

या युद्धाचे मूळ एका पत्रात आहे, आणि ते पत्र ज्यांस आले त्यांनी दीड वर्ष त्याचा जबाब दिला नाही.

ते राजश्री श्रीपती आबा. लोणावळ्यातील एका वाचनालयात पुस्तकांच्या देवघेवीचे कामी एकतीस वर्षे चाकरी करोन गावी परतले होते. विद्वान बहुत, परंतु भिडस्त इतके की, दुकानी साखर आणावयास जावे आणि दुकानदार दुसऱ्याशी बोलत असावा तर साखरेवाचोन परत यावे. त्यांजपाशी फोन होता, तो वाजला की ते त्यास उशीखाली सारीत आणि तो थकोन गप्प जाहला की सुटकेचा निश्वास टाकीत. मात्र गावचा कोणताही अर्ज लिहिणे तर आबांनीच, हा वहिवाटीचा हक्क होता, आणि तो त्यांस कोणी दिला नव्हता आणि त्यांनीही मागितला नव्हता.

शेजारची पोर यशोधरा पाचवीत असल्यापासोन आबांचे मांडणीवरील पुस्तके नेत असे आणि पाने दुमडोन परत आणीत असे. पुढे ती आईबापांसह शहरी गेली आणि शिकोन डॉक्टर जाहली. तिने आबांस पत्र लिहिले, कारण फोनाची आणि उशीची हकीकत तीस ठाऊक होती. पत्राचा मजकूर ऐसा की, आबा, माझे शिक्षण पुरे झाले, आता सरकारी दवाखान्यात काही वर्षे काम करणे आहे. आपल्या गावच्या दवाखान्यात डॉक्टरची जागा मंजूर आहे आणि कायम रिकामी आहे. गावाला डॉक्टरची गरज आहे एवढे गावाने कचेरीला लिहून दिले तर मी ती जागा मागेन. गरज आहे ना? एका ओळीत कळवा. तुमची यशू.

आबांनी पत्र डोळ्यांस लावले आणि तत्क्षणी कागद घेतला आणि मग मायन्यापाशी अडले. चिरंजीव लिहावे तर डॉक्टर जाहलेल्या बाईस लहान लेखल्यासारखे होईल. माननीय डॉक्टरसाहेब लिहावे तर दुमडल्या पानांची पोर परकी होईल. प्रिय लिहावे तर तो शब्द आबांनी उभ्या हयातीत आपले कुटुंबासही लिहिला नव्हता. ऐसे खर्डे सतरा जाहले. पहिला महिना मायन्यात गेला. मग उशिराची माफी मागणे प्राप्त जाहले, आणि सहा महिने लोटले तेव्हा माफी पत्राहून मोठी जाहली, आणि वर्ष लोटले तेव्हा इतक्या माफीस तोंड कोणते म्हणोन आबांनी पत्र एका जाडजूड कोशात ठेविले आणि त्या कोशाकडे पाहणे सोडिले. गावास यातले अवाक्षर ठाऊक नव्हते.

इकडे आरोग्याचे कचेरीने साऱ्या गावांची डॉक्टरची मागणी एका तक्त्यात मांडोन पाठविली. सरपंच नथूभाऊंनी तो तक्ता भर ग्रामसभेत वाचिला. अमुक गाव, रुग्णसंख्या एकशे बारा. तमुक गाव, रुग्णसंख्या नव्वद. आणि मौजे करंजखिंड, निरंक. मग नथूभाऊंनी काळा गॉगल नाकावर नीट बसवोन जाहीर केले, "बाकीच्यांना नुसतं आकडं दिल्याती. आपल्याला शब्द दिलाय, शब्द!"

तेव्हा निर्मळ तैसे निरंक, निष्कलंक तैसे निरंक, ऐसा अर्थ बहुमताने ठरला आणि पेढे वाटले गेले आणि तिसरे दिवशी दवाखान्याचे कुलूपबंद फाटकावर दहा फुटी फलक चढला: मौजे करंजखिंड निरंक झाल्याबद्दल समस्त ग्रामस्थांचे हार्दिक अभिनंदन. खाली नथूभाऊंची गॉगलासहित तसबीर.

निरंक म्हणजे शून्य, म्हणजे काहीही नाही, हे त्या सभेत एकट्या आबांस ठाऊक होते. ते सांगणेसाठी त्यांनी तोंड उघडिलेही. तोच कोणी त्यात पेढा घातला, आणि आबांनी तोंड मिटले.

आता झुंबरबाईंची हकीकत. वय सत्तर, गुडघे निकामी, जबान शाबूत, आणि गावात त्यांचा शब्द खाली पडत नसे. त्यांस रक्तदाब होता. लोणावळ्यात बाजारपेठेमागे एक वृद्ध डॉक्टर होते, ते माणसास नावाने हाक मारीत, सुनेशी पटते काय हे पुसत आणि मग दाब मोजीत. ते डॉक्टर थकले आणि दवाखाना बंद जाहला आणि त्या जागी पर्यटकांसाठी खोल्या जाहल्या. मागे उरली ती त्यांची सहा वर्षांमागील चिठ्ठी. त्या चिठ्ठीवर झुंबरबाई गोळ्या आणवीत आणि त्या जास्त दिवस पुरतील म्हणोन विळीवर अर्ध्या करीत. अर्धी आज, अर्धी उद्या. कमी का जास्त, हे पाहणारा कोणी नव्हता, कारण मोठ्या रुग्णालयाचे दारी पाऊल टाकणे म्हणजे त्यांस मुलूख लिहोन देण्यासारखे वाटे.

पौष शुद्ध अष्टमी, रविवार, दोन प्रहरी, झुंबरबाई वालाच्या शेंगा तोडता तोडता वावरात कोसळल्या. गावात हाहाकार जाहला. कैलास जीपवाले, ज्यांची जीप एरवी चौदा माणसे आणि दोन शेळ्या वाहते, त्यांनी त्यांस मागील बाकावर निजविले, गावात आरोग्याचे सरकारी काम पाहणारी आशाताई कोमल हिने डोके मांडीवर घेतले, आणि आबा काही कामाचे नसताही पुढे बसले, आणि जीप तुंगार्लीकडे भरधाव निघाली.

परंतु वर्षअखेरीची सुट्टी होती. तळ्याचे काठी मुंबईकर आणि पुणेकर ऐशा दोन अफाट फौजा तळ देवोन पडल्या होत्या. गाडीस गाडी भिडलेली, कोणाचे हाती चिक्कीची खोकी, कोणाचे हाती भाजलेली कणसे, आणि रस्त्याचे मधोमध उभे राहोन जो तो स्वतःची तसबीर काढीत होता. कैलासने भोंगा वाजविला, ओरडला, हात जोडले, फौज हलली नाही. एका पर्यटक बाईने जीपचे खिडकीतोन आत पाहिले आणि नऊवारी पाहोन प्रसन्न होवोन विनविले की, मावशी, एक फोटो घेऊ? झुंबरबाईंनी एक डोळा उघडोन फर्माविले, "आदी दवाखाना, मंग फोटू," आणि पुन्हा मिटला.

पाऊण कोस भूमी आक्रमिण्यास दोन तास लागले.

मोठ्या रुग्णालयाचे द्वारी संगणक घेवोन एक कन्या बसली होती. तिने नाव पुसले, वय पुसले, विमा पुसला आणि मग पुसले की, तुमचे फॅमिली डॉक्टर कोण? झुंबरबाईंस वाटले गावाचा लौकिक पुसते आहे. चाकांच्या खुर्चीत मान ताठ करोन त्या वदल्या, "आमचं गाव निरंक हाय."

"डॉक्टर निरंक. पूर्ण नाव?"

"त्ये काय म्हायती न्हाई बा," कैलास म्हणाला. "नवीन आलं असत्याल."

मग सुया जाहल्या, छातीच्या रेघोट्या काढल्या, ज्या यंत्रात शिरता येते त्यात झुंबरबाईंस शिरविले, आणि दोन दिवसांचे मुक्कामाअंती नाव सांगणेजोगा नवा आजार सापडला नाही. अर्धीऐवजी सबंध गोळी घ्यावी आणि महिन्याचे महिन्यास कोणीतरी दाब मोजावा, इतकाच निष्कर्ष. तेथील डॉक्टर भले गृहस्थ होते. त्यांनी सोबत एक पत्र दिले आणि घडी घालोन पाकिटात बंद केले.

मंगळवारी सायंकाळी झुंबरबाई काठी टेकीत ते पत्र घेवोन थेट आबांचे ओसरीवर आल्या आणि बसल्या.

"आबा, वाचा. आन् सांगा, ह्यो निरंक डाक्टर कुटं बसतो? तुमाला म्हायती असंल."

आबांनी पाकीट फोडिले. वर स्वच्छ अक्षरात लिहिले होते: आदरणीय डॉ. निरंक यांस सप्रेम नमस्कार. आपल्या रुग्ण श्रीमती झुंबरबाई यांना पुढील देखरेखीसाठी आपल्या स्वाधीन करीत आहे.

एका अनोळखी गृहस्थाने, जो या पृथ्वीतलावर नाहीच अशा डॉक्टरास, एका दमात, इतका गोड मायना लिहिला होता! आणि जी डॉक्टर आहे, जीस त्यांनी बोट धरोन काना-मात्रा शिकविल्या, तीस ते अठरा महिन्यांत एक ओळ लिहू शकले नव्हते. तोंडात पेढा नव्हता. गप्प बसणेस सबब उरली नव्हती.

"झुंबरबाई," आबा म्हणाले, "निरंक नावाचा डॉक्टर नाही. निरंक म्हणजे शून्य. आपल्या गावात रोगी शून्य, डॉक्टरची गरज शून्य. कचेरीने तसं लिहिलं होतं."

झुंबरबाईंनी पाकीट उलटेसुलटे करोन पाहिले.

"मंजी आमी शून्याचं पेढं वाटलं?"

"हो."

"आन् तुमाला म्हायती व्हतं?"

"हो."

मग आबा उठले आणि त्यांनी कोश उघडिला आणि यशोधरेचे पत्र काढोन वाचोन दाखविले, शेवटच्या ओळीपर्यंत.

"कदी आलंय ह्ये?"

"दीड वर्ष झालं."

"दीड वरीस! आन् तुमी काय धाडलं उलटून?"

"मायना जमेना. मायना म्हणजे सुरुवात. तिला काय म्हणून हाक मारायची, ते ठरेना."

"आन् फुडचं?"

"पुढं एकच ओळ होती. गरज आहे."

झुंबरबाईंनी काठी ओसरीवर आपटिली. "आवं, मी तितं वावरात पालती पडले, आन् तुमी हाक कशी मारायची त्ये हुडकत बसलता? यशे म्हनायचं! लहानपणी काय म्हनत व्हतात? यशे, चप्पल घाल. यशे, पान दुमडू नगं. आख्ख्या आळीला ऐकू यायचं!"

आणि तेथेच युद्धाचा हुकूम सुटला की, उदईक सूर्योदयी कैलासने जीप काढावी, नथूभाऊंनी शिक्का घ्यावा, आबांनी लेखणी घ्यावी, आणि कचेरीवर चालोन जावे.

बुधवारी फौज कचेरीत दाखल जाहली. तेथे हौशीराम म्हणोन कारकून होते, मनुष्य सौम्य, सरकारी शब्दांत तरबेज. नथूभाऊंनी गरजोन जाब पुसला की, आमचे गावास शून्य कोणी लिहिले? हौशीरामांनी चष्मा पुसोन शांतपणे सांगितले, "कोणी नाही लिहिलं, भाऊ. तुम्ही काही कळवलंच नाही. गप्प बसणाऱ्याला आमच्याकडं तोच शब्द आहे."

हा घाव नथूभाऊंवर होता, लागला आबांस.

मग हौशीरामांनी एक फाइल काढिली. तीत डॉक्टर यशोधरा यांचे अर्ज तीन, दर सहा महिन्यांस एक, तिन्हींत मागणी एकच की, करंजखिंड मिळावे. आणि तिन्हींवर शेरा की, गावाची मागणी निरंक, सबब नामंजूर. जबाब आला नाही तरी पोरीने नेट सोडिला नव्हता. आबांनी ते तीन अर्ज पाहिले. तिन्हींचेही उजवे कोपरे दुमडलेले होते.

हौशीरामांनी पुढे सांगितले की, रिकामी जागा कोणत्या गावी ठेवावी याची बैठक शुक्रवारी दोन प्रहरी आहे. तत्पूर्वी गावाचा अर्ज आणि रोग्यांची नावनिशीवार यादी पोहोचली तर ठीक, न पोहोचली तर जागाच दुसऱ्या गावी जाईल आणि मग चौथा अर्ज करणेस पोरीस कारण उरणार नाही.

म्हणजे दीड दिवस.

त्याच सायंकाळी मोहीम निघाली. अग्रभागी झुंबरबाई, मागे कचेरीतोन उसना आणिलेला दाब मोजणेचा पट्टा घेवोन कोमल, सर्वांत मागे वही घेवोन आबा. आणि येथे ऐसा शत्रू भेटला ज्याची कोणास कल्पना नव्हती. ज्याचे त्याचे दारी एकच जबाब की, मला काय न्हाई झालं. गडी माणसांनी दुखणे कबूल करणे हा बेअब्रूचा मामला होता. आबा दारात उभे राहत, दोनदा खाकरत आणि इतक्या हळू पुसत की, घरचे लोक त्यांस पाणी आणोन देत. पहिल्या दहा घरांत यादीवर नावे तीन, आबांचे पोटात पाणी मात्र चार तांबे.

तेव्हा झुंबरबाईंनी मसलत बदलली. त्या पुढे होवोन ललकारू लागल्या, "काय न्हाई म्हनं! टाचंची जखम आषाढापून वाहतीया, लिवा आबा. ह्याची आई रातभर खोकती, आमी काय बहिरं हाय? लिवा. आन् तू गं, पोटुशी हाईस न्हवं, मंग लपतीस कशाला कणगीमागं, चोरी केलीस का? लिवा!" आणि कोमल पट्टा आवळी आणि आकडा सांगे, आणि आकडा ऐकोन गडी खाली बसे आणि मग आपण होवोन आपले आजार मोजू लागे.

नथूभाऊंचे दारी बाका प्रसंग गुदरला. सरपंचांनी सांगितले की, आमची प्रकृती उत्तम, आमच्यापासोन गावाने स्फूर्ती घ्यावी. झुंबरबाईंनी हात पुढे केला आणि गॉगल उतरविला. डावा डोळा लाल, पाण्याने डबडबलेला.

"किती दिस?"

"दोन वरसं," नथूभाऊ पुटपुटले. "सरपंचाचा डोळा गळतो म्हनल्यावर लोक काय म्हनत्याल?"

"लिवा," झुंबरबाई म्हणाल्या, परंतु या वेळी आवाज मऊ होता.

गुरुवारी दिवे लागणीस साऱ्या उंबऱ्यांचा पाडाव जाहला. कोमलने यादी मोजली. दोनशे सहा. मग तिने सहज पुसले, "आबा, तुमचं?"

आबांनी वही मिटली. "माझं काही नाही. निरंक."

शब्द मुखातोन गेला आणि आबांस तो स्वतःस ऐकू आला. झुंबरबाईंनी आबांचा हात धरोन कोमलपुढे ठेविला आणि पट्टा चढला. दाब झुंबरबाईंहून वीस वर निघाला. आणि मग आबांनी, ज्यांनी जन्मात आपले दुखणे कोणास सांगितले नव्हते, खालमानेने सांगितले की, चढावर दम लागतो, छाती भरोन येते, हे चार वर्षे चालू आहे, कोणास सांगावे ते कळले नाही. कोमलने वही पुढे केली. आबांनी आपले नाव आपले हाताने लिहिले. दोनशे सात.

त्या रात्री अर्जही लिहिला गेला. मायना सरकारी होता, तेव्हा एका बैठकीत जमला.

शुक्रवार, शुद्ध चतुर्दशी, सकाळी दहा वाजता यादी हौशीरामांचे मेजावर पडली. हौशीरामांनी प्रत्येक नाव बोट ठेवोन मोजिले आणि मग तांबडी लेखणी उचलली आणि तक्त्यातील करंजखिंडीसमोरील निरंक हा शब्द आडवा खोडोन त्यावर दोनशे सात लिहिले आणि अर्जाचे नकलेवर पोच म्हणोन शिक्का मारिला. त्या शिक्क्याचा आवाज आबांस नगाऱ्यासारखा वाटला. फौज बाहेर वडाखाली बसोन राहिली, भाकरी सोडल्या गेल्या, कोणी खाल्ल्या नाहीत. चार वाजता हौशीराम स्वतः पायऱ्या उतरोन आले आणि सांगते जाहले की, जागा करंजखिंडीस कायम, आणि डॉक्टर यशोधरा यांचा अर्ज मंजूर, हुकूम सोमवारी निघेल, महिन्याचे आत त्या रुजू होतील.

नथूभाऊंनी गॉगल काढोन डोळे पुसले, दोन्ही. कैलासने भोंगा वाजविला आणि या खेपेस रस्त्यात कोणी नसताही वाजविला. रविवारी दवाखान्याचे फाटकावरील जुना फलक उतरला आणि नवा चढला: मौजे करंजखिंड येथे २०७ रुग्ण झाल्याबद्दल समस्त ग्रामस्थांचे हार्दिक अभिनंदन. हे वाक्य बदलावे ऐसे आबांनी सुचविलेही, मोठ्या आवाजात सुचविले, आणि गावाने मोठ्या आवाजात फेटाळिले.

झुंबरबाई फलक पाहोन परतताना आबांचे ओसरीपाशी थांबल्या.

"आबा, आता तरी पत्र टाका. पोर यील, तवा तिला तोंड दावायला नगं?"

"हुकूम तर निघतोच आहे. आता पत्राचं काय काम?"

"हुकूम कचेरीचा. तिनं इचारलं व्हतं तुमाला."

आबा आत गेले. सतरा खर्डे काढिले, चुलीत घातले. कोरा कागद घेतला. मायन्याची जागा, दोन बोटे रुंद, तशीच मोकळी सोडिली आणि खाली लिहिले: गरज आहे. दोनशे सात जणांना. त्यांत एक मी. पाकीट बंद करणेपूर्वी त्यांनी काही वेळ विचार केला आणि कागदाचा उजवा कोपरा दुमडिला.

मग काठी घेवोन तुंगार्लीचे रस्त्याने खाली निघाले. वाटेत दोनदा दम लागला, दोनदा बसले, आणि दोन्ही वेळा येणारास सांगितले की, दम लागला आहे.

येणेप्रमाणे शके एकोणीसशे सत्तेचाळीस, पौष वद्य प्रतिपदा, रविवार, दोन प्रहरी, तळ्याचे वळणावरील तांबड्या पेटीत राजश्री श्रीपती आबांचे पत्र पडले. मजकूर वर लिहिला आहे. मायना निरंक.